हिवाळ्यातली स्पिती, फोर बाय फोर आणि आपली फुफ्फुसं

गेल्या काही वर्षांत डिसेंबर-जानेवारी आला की माझ्या ओपीडीत एक नवा प्रश्न हमखास येतो. "डॉक्टर, स्पितीला चाललोय, बर्फात, गाडी घेऊन. कुठल्या गोळ्या सोबत ठेवू?" विचारणारे बहुतेक तिशी-चाळिशीतले असतात. खिशातून मोबाइल निघतो आणि मला एक रील दाखवलं जातं: पांढरीशुभ्र दरी, चाकांना साखळ्या बांधलेली थार, मागे संगीत. गोळ्यांची यादी मी देतो. पण खरं सांगायचं तर त्या यादीपेक्षा "कुठे किती रात्री झोपणार आहात?" हा माझा उलटा प्रश्न जास्त महत्त्वाचा असतो, आणि त्याचं उत्तर बहुतेकांकडे नसतं. गेल्या फेब्रुवारीत मी स्वतः मित्रांबरोबर तिथे जाऊन आलो. त्यामुळे यावेळी पुस्तकातलं आणि डोळ्यांनी पाहिलेलं असं दोन्ही लिहितो.

आधी भूगोल, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

स्पितीला जायचे रस्ते दोन. एक मनालीहून कुंझुम खिंड ओलांडून. ही खिंड साडेचार हजार मीटरच्या वर आहे आणि हिवाळ्यात बंद असते. २०२० मध्ये अटल बोगदा सुरू झाला तेव्हा अनेकांना वाटलं की आता काझाला बारा महिने जाता येईल. तसं नाही. बोगदा आपल्याला लाहौलमध्ये नेऊन सोडतो, कुंझुम त्याच्याही पुढे आहे. म्हणून हिवाळ्यात उरतो तो दुसरा रस्ता: सिमला, नारकंडा, रामपूर, किन्नौरमधलं रेकाँग पिओ, मग सतलज आणि स्पिती नद्यांचा संगम जिथे होतो ते खाब, तिथून नाको, ताबो आणि काझा. सिमल्यापासून सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास. बीआरओची माणसं आणि यंत्रं हा रस्ता हिवाळ्यातही उघडा ठेवायची खटपट करत असतात, पण एक मोठा हिमपात झाला की चार-पाच दिवस सगळं ठप्प.

आता उंची बघा. नाशिक साधारण सहाशे मीटरवर. रेकाँग पिओ २,३०० मीटर. त्याच्या डोक्यावरचं कल्पा २,९६०. ताबो ३,२८०. काझा ३,६५०. आणि काझाच्या वर, गाडीने तासाभरात पोहोचता येतात अशी लांग्झा, हिक्कीम, कोमिक ही गावं ४,४०० ते ४,६०० मीटरच्या दरम्यान.

"तिथे ऑक्सिजन कमी असतो" असं आपण म्हणतो, ते अर्धंच बरोबर आहे. हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण तिथेही एकवीस टक्केच असतं. कमी होतो तो हवेचा दाब. काझाला तो समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन-तृतीयांश असतो, कोमिकला आणखी कमी. प्रत्येक श्वासाबरोबर छातीत जाणारे ऑक्सिजनचे रेणूच कमी. शरीराला हे कळतं आणि ते जुळवून घ्यायला लागतं: श्वास खोल आणि भरभर होतो, नाडी वाढते, मूत्रपिंडं रक्तातला बायकार्बोनेट बाहेर टाकून श्वसनाला आणखी मोकळीक देतात. या कामाला दिवस लागतात. पायी जाणाऱ्या माणसाला हे दिवस आपोआप मिळतात, कारण त्याचे पायच त्याला रोज ठरावीक उंचीपेक्षा वर नेत नाहीत. गाडीत बसलेल्या माणसाला ही सोय नाही. फोर बाय फोरचं लो-रेंज टाकलं की एवढं मोठं धूड बर्फावरून हजार मीटर वर चढतं, आत हीटर चालू, गाणी चालू, आणि बसलेल्याला चढल्याचं कळतही नाही.

म्हणून नियम आहे तो झोपण्याच्या उंचीचा. तीन हजार मीटरच्या वर गेलात की रोजचा मुक्काम आदल्या दिवशीच्या मुक्कामापेक्षा पाचशे मीटरहून जास्त उंच नको, आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र जास्तीची त्याच ठिकाणी. दिवसा वर जाऊन रात्री खाली झोपलेलं चालतं. आपल्या सैन्याने हे फार मोठी किंमत देऊन शिकलेलं आहे. १९६२ च्या युद्धाच्या काळात मैदानी भागातून थेट उंचीवर नेलेल्या जवानांत या आजाराने हाहाकार उडवला होता. लष्करातले डॉक्टर इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा १,९२५ जवानांचा अभ्यास १९६९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये प्रसिद्ध केला. एमडीला असताना मी तो वाचला तेव्हा जगभरात संदर्भ दिला जाणारा हा अभ्यास आपल्याच माणसांनी केला आहे याचं फार अप्रूप वाटलं होतं. आजही लष्करात जवानाला उंचीवर नेताना टप्प्याटप्प्याने, आधी सहा दिवस, मग चार, मग आणखी चार असं मुरवत नेतात. तरणीबांड, कसलेली माणसं असतात ती. आपण मात्र "लाँग वीकेंड आहे" म्हणून निघतो.

आमचा बेत या हिशेबाने आखला होता. नारकंडाला एक रात्र, कल्पाला दोन, ताबोला दोन आणि मग काझा. पाच माणसं, दोन गाड्या. पिओपासून पुढे काझाचाच एक ड्रायव्हर आम्ही सोबत घेतला. आमच्यापैकी दोघांना सह्याद्रीतल्या चिखलात गाडी काढायची चांगली सवय आहे, पण चिखल आणि काळा बर्फ यांत फरक आहे. काळा बर्फ म्हणजे डांबरावर गोठलेला पाण्याचा पातळ थर. दिसतच नाही, रस्ता नुसता ओला वाटतो. ब्रेक दाबला की गाडी तुमची राहत नाही. आमचा ड्रायव्हर उतारावर ब्रेकला पाय लावायचाच नाही, पहिल्या गिअरमध्ये इंजिनच्या जोरावर गाडी खाली सोडायचा. साखळ्या कधी चढवायच्या आणि, त्याहून महत्त्वाचं म्हणजे, आज निघायचंच नाही हे कधी ठरवायचं, हे त्याला सकाळी आकाशाकडे बघून कळायचं.

तब्येतीच्या बाबतीत लहानसहान गोष्टी पुष्कळ घडल्या. त्यातल्या काही सांगतो, कारण त्या तुमच्याही बाबतीत घडतील.

माझा शाळेपासूनचा मित्र इन्शुलिन घेतो. घरी आपण इन्शुलिन गरम होऊ नये म्हणून जपतो, तिथे ते गोठू नये म्हणून जपायचं. एकदा गोठलेलं इन्शुलिन वितळल्यावर दिसायला ठीक दिसलं तरी फेकून द्यायचं असतं, त्याचा भरवसा नाही. त्याचं पेन मी त्याला शर्टाच्या आतल्या खिशात, अंगाशी ठेवायला लावलं, रात्री पांघरुणात. ग्लुकोमीटरसुद्धा थंडीत एरर दाखवतो, तोही उबेत ठेवा.

दुसरा एक जण रोज संध्याकाळी "थोडी रम घेतली की थंडी पळते" म्हणायचा. पळत नाही. दारूने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या फुलतात, म्हणून ऊब जाणवते, प्रत्यक्षात शरीरातली उष्णता बाहेर जाते. शिवाय दारूने झोपेतला श्वास मंदावतो, आणि उंचीवर झोपेतला श्वास आधीच विचित्र झालेला असतो: चार-सहा खोल श्वास, मग काही सेकंद श्वासच नाही, मग पुन्हा दचकून खोल श्वास. शेजारी झोपलेला घाबरतो. हे त्या उंचीवर बऱ्याच जणांना होतं आणि त्यात घाबरण्यासारखं काही नसतं, पण त्यावर रम ओतू नये.

आणि कापूर! प्रत्येक मराठी ग्रुपमध्ये एक तरी पुडी असतेच. हुंगल्यावर नाकात गार वाटतं आणि श्वास मोकळा झाल्यासारखं वाटतं. पण नाक मोकळं झालं म्हणून रक्तातला ऑक्सिजन वाढत नाही. हुंगा खुशाल, फक्त त्याला औषध समजू नका.

सगळ्यात जास्त काळजी मला बंद खोलीची वाटते. स्पितीतल्या घरांत मधोमध पत्र्याची शेगडी असते, तिला तिथे तंदूर म्हणतात. तिचं धुराडं छतातून बाहेर गेलेलं असतं, घरातले सगळे तिच्याभोवती बसतात. धुराडं साफ असेल तर ती सुरक्षित. पण काही ठिकाणी पर्यटकांच्या आग्रहाखातर झोपायच्या खोलीत कोळशाची उघडी शेगडी आणून ठेवतात. कोळसा अर्धवट जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून जास्त जोराने चिकटतो. माणूस झोपेतच जातो. गाडीतही हेच. बर्फात अडकलात, इंजिन आणि हीटर चालू ठेवून काचा लावून बसलात, आणि मागचा सायलेन्सरचा पाइप बर्फात गाडला गेला, तर तो धूर गाडीत येऊ शकतो. आधी खाली उतरून पाइप मोकळा करायचा, मग इंजिन चालू ठेवायचं, तेही अधूनमधून, एक काच थोडी उघडी ठेवून.

यातली खरी गंमत, म्हणजे गंमत नव्हे, अशी की या विषबाधेची सुरुवातही डोकेदुखी, मळमळ, थकवा अशीच होते. म्हणजे डिट्टो उंचीच्या त्रासासारखी. आणि बोटाला लावायचा ऑक्सिमीटर इथे चक्क फसवतो: कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं रक्तही त्याला ऑक्सिजनने भरलेलं वाटतं, आकडा छान दिसतो. म्हणून एकाच खोलीत झोपलेल्या सगळ्यांचं सकाळी एकदम डोकं दुखत असेल आणि बाहेर मोकळ्यावर आल्यावर बरं वाटत असेल, तर संशय आधी शेगडीवर घ्यायचा. एकट्यादुकट्याचं दुखत असेल तर उंचीवर.

ऑक्सिमीटरबद्दल आणखी एक. बोटं गार असली की तो काहीही दाखवतो. हात दहा मिनिटं काखेत धरा, मग लावा. आणि काझाला नव्वदच्या आतला आकडा पाहून घाबरू नका. आम्ही सगळे ८६ ते ९० च्या दरम्यान होतो आणि मजेत होतो. आकड्यापेक्षा माणूस बघायचा. हे वाक्य मी माझ्या विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो.

आता मुख्य गोष्ट.

मित्राचा पुतण्या पुण्यात नोकरी करतो. वय सत्तावीस, अर्धमॅरेथॉन धावणारा, पोटावर चरबीचा पत्ता नाही. त्याला रजा चारच दिवसांची मिळाली, म्हणून तो आम्हाला थेट काझाला येऊन मिळणार होता. मी फोनवर सांगितलं होतं की पिओला दोन रात्री काढ आणि मग ताबोपर्यंतच ये, आम्ही खाली येऊन तुला भेटतो. त्याने "हो काका" म्हटलं आणि पिओला एकच रात्र झोपून दुसऱ्या दिवशी शेअर टॅक्सीने संध्याकाळी काझाला हजर झाला. २,३०० वरून ३,६५०, एका दिवसात. मी विचारलं, डोकं दुखतंय का? "नाही काका, एकदम मस्त." नंतर कळलं की वाटेतच त्याने दोनदा पॅरासिटामॉल घेतली होती.

तरुण मुलं हे लपवतात, मला त्यात नवल वाटत नाही. पैसे भरलेले असतात, रजा मोजकी असते, आणि आपल्यामुळे सगळ्यांचा खोळंबा नको असं वाटतं. शिवाय फिट माणसाला वाटतं की आपल्याला काय होणार. पण उंचीच्या आजाराचा आणि फिटनेसचा संबंध नाही. उलट फिट माणूस जास्त वेगाने चढतो आणि जास्त दमवतो स्वतःला, एवढाच संबंध.

दुसऱ्या दिवशी त्याने काझालाच आराम करायचा असं ठरलं होतं. मी आणि मित्र एका गाडीने किब्बरकडे गेलो. हिवाळ्यात हिमबिबट्या दिसण्याची शक्यता असते म्हणून लोक तिथे दुर्बिणी लावून बसतात. आम्हाला दिसला नाही. इकडे दुसरी गाडी हिक्कीम आणि कोमिकला निघाली तेव्हा हा पठ्ठ्या त्यात बसला. हिक्कीमला पोस्ट ऑफिस आहे, तिथून पोस्टकार्ड टाकायची त्याला हौस होती. कोमिकला, साडेचार हजार मीटरच्या वर, फोटोंसाठी गुडघाभर बर्फात पळापळही झाली.

रात्री साडेदहाला मला शेजारच्या खोलीतून खोकला ऐकू आला. कोरडा, ढास लागल्यासारखा. आत गेलो तर तो उशा पाठीशी घेऊन बसला होता. आडवं झालं की गुदमरतंय म्हणाला. बसल्या जागी श्वास मिनिटाला बत्तीस, नाडी एकशे चोवीस, ओठ निळसर. हात काखेत गरम करून ऑक्सिमीटर लावला: ६२. छातीला स्टेथोस्कोप लावल्यावर उजव्या बाजूला केस चोळल्यासारखा आवाज. याला हाय अल्टिट्यूड पल्मनरी एडिमा म्हणतात, थोडक्यात हेप. उंचीवरच्या मृत्यूंचं हे सगळ्यात मोठं कारण.

हे होतं कसं? ऑक्सिजन कमी झाला की फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्या आकसतात. काही लोकांत त्या फार आकसतात, आणि सगळीकडे सारख्या नाही. सोसायटीच्या पाइपलाइनचे बरेच व्हॉल्व्ह बंद केले आणि खालचा पंप तसाच चालू ठेवला तर उरलेल्या पाइपांवर काय दाब येईल, तसं. त्या दाबाने रक्तातलं पाणी पाझरून हवेच्या पिशव्यांत येतं. थंडीने हा दाब वाढतो, दमण्याने आणखी वाढतो. बहुधा दुसऱ्या ते चौथ्या रात्री हे उद्भवतं. त्याची ही दुसरी रात्र होती. इथे आधी डोकेदुखी झालीच पाहिजे असंही नाही. लक्षात ठेवायची खूण म्हणजे बसल्या जागी लागणारी धाप. चढावर धाप सगळ्यांनाच लागते. खाटेवर बसून लागली तर थांबायचं नाही.

पुस्तकात उपचार एका ओळीत आहे: ताबडतोब खाली न्या, निदान हजार मीटर. मित्र गाडीची किल्ली घेऊन उभाच होता. "तू डॉक्टर आहेस ना? मग चल, काढ गाडी." त्याच्या जागी मीही तेच म्हणालो असतो.

पण नकाशा बघा. काझाहून खाली म्हणजे ताबो, फक्त पावणेचारशे मीटर खाली. सुमदो-चांगोपर्यंत थोडं आणखी. आणि मग रस्ता पुन्हा चढतो, मलिंगच्या नाल्यावरून नाकोपर्यंत, म्हणजे परत काझाच्याच उंचीला. नाकोनंतर 'का' गावाची वळणं उतरलात की खाब, साधारण अडीच हजार मीटर. म्हणजे खऱ्या अर्थाने खाली जायला आधी वर जावं लागतं. कुंझुमचा रस्ता बंद. हिवाळ्यातल्या स्पितीला बाहेर पडायचं दार एकच, आणि त्याचा उंबरठा उंच आहे. आमचा ड्रायव्हर हे सगळं ऐकत होता. तो म्हणाला, "डॉक्टर साब, रात को मलिंग मत निकालो. दिन का पानी सब जम गया होगा." बाहेर उणे वीसच्या आसपास तापमान होतं.

मी असा विचार केला. खाली नेणं हे औषध कशामुळे? तर खाली जास्त ऑक्सिजन मिळतो म्हणून. मग ऑक्सिजन इथेच मिळत असेल, तर तेच औषध. काझाला सरकारी आरोग्य केंद्र आहे, आमच्या मुक्कामापासून दहा मिनिटांवर. त्याला चालू न देता, अक्षरशः उचलून गाडीत ठेवला. ड्यूटीवरचा तरुण डॉक्टर झोपेतून उठून आला, त्याने काही न विचारता आधी मास्क लावला. मिनिटाला चार लिटर ऑक्सिजनवर अर्ध्या तासात आकडा ८८ वर आला आणि ओठांचा रंग बदलला. माझ्या पेटीत निफेडिपीनची लांब काम करणारी गोळी होती, ती दिली. रक्तदाबाची ही जुनी गोळी फुफ्फुसातला दाबही उतरवते. (कृपया ही वाचून स्वतःच्या मनाने घेऊ नका.) लघवीची गोळी मुद्दाम दिली नाही. फुफ्फुसात पाणी म्हटलं की अनेकांचा हात तिच्याकडे जातो, पण इथे शरीर आधीच कोरडं पडलेलं असतं.

रात्र निघाली. प्रश्न सकाळचा होता. पेशंट बरा दिसत होता आणि दोन दिवस इथेच ऑक्सिजनवर ठेवता येईल असा एक विचार होता. पण सिलिंडर मोजके होते. अ‍ॅम्ब्युलन्स आदल्या संध्याकाळीच एका अडलेल्या बाईला घेऊन खाली गेली होती. त्या दरीतल्या माणसांचा हिवाळा याच मोजक्या सामानावर निघतो, आणि त्यातला ऑक्सिजन आम्ही पोस्टकार्डाच्या हौसेपायी वापरत होतो, हे मला सारखं टोचत होतं. त्यात सकाळी ढग खाली आलेले. ड्रायव्हर म्हणाला, दुपारनंतर पडेल. पडला की रस्ता बंद, आणि मग जे काही आहे ते इथेच.

सात वाजता निघालो. दवाखान्याने दोन बी-टाइप सिलिंडर परत करण्याच्या बोलीवर दिले. अशा एका सिलिंडरमध्ये साधारण दीड हजार लिटर ऑक्सिजन असतो, चार लिटरच्या वेगाने सव्वासहा तास. पिओ दोनशे किलोमीटर, बर्फात आठ-नऊ तास. दोन पुरतील, पण वाटेत अडकलो तर कट्टाकट्टी. म्हणून ताबो ते चांगोच्या खालच्या पट्ट्यात मी वेग तीनवर आणला आणि नाकोच्या चढासाठी राखून ठेवला. एक काच बोटभर उघडी, आणि सिगारेट ओढणारे दुसऱ्या गाडीत. ऑक्सिजन सोडलेल्या बंद गाडीत ठिणगी म्हणजे आग.

मलिंगला रस्त्यावर निळसर बर्फाची लादी होती, वीस-पंचवीस फूट, दरीकडे उतरती. बाकी सगळे उतरले. पेशंटला उतरवायचं नव्हतं, चार पावलं चालणंसुद्धा त्याला महाग पडलं असतं. म्हणून तो आत आणि त्याच्याबरोबर मी. ड्रायव्हरने साखळ्या चढवल्या, कुदळीने लादीवर खाचा पाडल्या, सोबत आणलेल्या पोत्यातली माती-राख पसरली. यात चाळीस मिनिटं गेली. मी आकडा बघत बसलो होतो: पाच लिटरवर ८४. मग तो आत बसला, लो-रेंज टाकलं आणि एकदाही न थांबता, न वेग वाढवता पलीकडे गेला. गाडी एकदा मागून दरीकडे वीतभर सरकली. पुतण्याने माझा हात धरला होता, किंवा मी त्याचा, आता नीट आठवत नाही.

नाको ओलांडून 'का'ची वळणं सुरू झाली आणि नंतर जे झालं ते पाहण्यासारखं होतं. ९०, ९१. खाबच्या पुलावर दोन लिटरवर ९३. पूहच्या पुढे त्याने मास्क बाजूला करून विचारलं, "काका, राजमा-चावल मिळेल का कुठे?" माझ्या लेखी तो तेव्हाच बरा झाला.

पिओच्या इस्पितळात एक्स-रे काढला, उजव्या बाजूला कापसासारखे डाग होते. दोन दिवस ठेवलं, तिसऱ्या दिवशी तो चालत बाहेर आला. हेपचं हे वैशिष्ट्य आहे, वेळेत खाली आणलं की माणूस भराभर पूर्ण बरा होतो. सिलिंडर काझाला जाणाऱ्या पहिल्या टेंपोतून परत पाठवले, पण तो टेंपो पाच दिवस पिओलाच उभा होता, कारण आम्ही निघालो त्या दुपारी वर जो बर्फ सुरू झाला तो तीन दिवस थांबला नाही. आमच्यातले दोघे काझाला मागे राहिले होते, तेही अडकले.

मला आता विचारतात ते डायमॉक्सबद्दल. म्हणजे अ‍ॅसेटाझोलामाइड. चांगली गोळी आहे. मूत्रपिंडांचं बायकार्बोनेट बाहेर टाकण्याचं काम ती लवकर सुरू करून देते. प्रतिबंधासाठी सहसा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढायच्या आदल्या दिवसापासून. बोटांना मुंग्या येतात, लघवी जास्त होते. सल्फाची तीव्र अ‍ॅलर्जी असलेल्यांनी, मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. पण ती उंचीच्या डोकेदुखीवरची गोळी आहे, हेप टाळण्याची खात्री ती देत नाही. ज्यांना हृदयविकार आहे, दमा आटोक्यात नाही, नुकतीच अँजिओप्लास्टी झाली आहे, किंवा ज्या गरोदर आहेत, त्यांनी हिवाळ्यातली स्पिती हा बेत आपल्या डॉक्टरांशी समोरासमोर बसून ठरवावा, फोनवर नाही. तिथली थंडी सोसता येते. पण अडचण आली की खाली यायचा रस्ता आपल्या हातात नसतो, हा उन्हाळ्यातल्या आणि हिवाळ्यातल्या सहलीतला फरक आहे.

गेल्या महिन्यात पुतण्याचा फोन आला. "काका, मी परत जाऊ शकतो का?" एकदा हेप झालेल्याला त्याच वेगाने चढलं तर पुन्हा होण्याची शक्यता इतरांपेक्षा बरीच जास्त असते. जायला बंदी नाही, वेगाला आहे. मी त्याला लेटरहेडवर लिहून पाठवलं: नारकंडा एक रात्र, कल्पा दोन, नाकोला फक्त जेवण, झोपायला ताबो, तिथे दोन रात्री, मग काझा, आणि काझाला पहिले दोन दिवस कोमिकचं नाव काढायचं नाही. सोबत निफेडिपीन, कशी आणि कधी घ्यायची ते सविस्तर.

त्याने दिवस मोजले आणि म्हणाला, "काका, एवढी रजा कोण देणार?" सर्टिफिकेट मी देणार नाही, हे त्याला लगेच सांगून टाकलं.